कप्तान फॉस्टेनौची सही

१

आमच्या स्टुडिओत मेलेल्यांचे डोळे उघडायचं काम माझ्याकडे होतं.

दचकू नका, धंदाच तसा होता. पनवेलच्या लाईन आळीत आमचा ‘आनंद फोटो’. शहरातली माणसं लग्नामुंजीला फोटो काढून घेत. पण विचुंबे, बेलपाडा अशा गावांत माणूस जन्मभर शेत नाहीतर मिठागर करायचा आणि एकही फोटो न काढता जायचा. तो गेला की घरचं कुणीतरी सायकल मारत आमच्याकडे यायचं. मग कॅमेरा घेऊन निघायचं, मयताला खुर्चीत टेकवून बसवायचं, डोक्याला पागोटं बांधायचं आणि फोटो घ्यायचा. भिंतीवर मिटल्या डोळ्यांचा बाप मात्र कुणालाच नको असतो. म्हणून छापलेला फोटो माझ्या टेबलावर यायचा. बारीक ब्रश, काळा रंग, जरासा पांढरा. मी घरच्यांना विचारायची, डोळे कसे होते? बारीक की मोठे? रागीट की गरीब? ते सांगत आणि मी मिटल्या पापणीवर उघडा डोळा काढून द्यायची. फोटो हातात घेतल्यावर बाया नव्याने रडायला लागल्या की काम जमलं असं मी समजायची.

जित्या माणसाचे डोळे मी कधी काढले नव्हते. त्यात शास्त्रबिस्त्र काही नाही. जित्याची पापणी मिटली तर त्याला पुन्हा बसवता येतं, एवढंच.

कॅमेरा ह्यांचा. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण गोष्ट अडायला नको म्हणून एकदाच घेते: आनंदा. गाव त्यांना आनंदशेठ म्हणायचं. लहानपणी डोळे आले होते तेव्हापासून त्यांच्या पापण्या सारख्या फडफडायच्या. बोलताना तर फारच. लग्न ठरताना माझ्या आत्याने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, ‘मुलगा डोळा मारतो काय गं?’ मीही त्यांना त्यावरून पुष्कळ छळलं. पुढे इतकी सवय झाली की ह्यांच्या मनात काय चाललंय ते मी पापण्यांवरून ओळखायला लागले. थाप मारताना पापण्यांचा वेग वाढायचा. त्यामुळे आमच्या घरात थाप कधी टिकलीच नाही.

२

माणसाला एखादा नाद असतो. ह्यांचा नाद जगावेगळा होता. लढाईच्या वर्षांत हे पुण्याला लष्कराच्या फोटोखात्यात होते. विमानातून घेतलेल्या फिल्मा धुवायचे. तिथे कुठल्याशा पकडलेल्या मासिकात ह्यांनी जर्मन वैमानिकांचे फोटो पाहिले. गळ्याशी शौर्याचा काळा क्रूस, अंगात कातड्याचा कोट. ते डोक्यात बसलं ते बसलंच. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, स्टुडिओ निघाला आणि हे मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवरून जुनी मासिकं आणून त्यातले चेहरे छापून काढायला लागले. विलायतेतला एक छंदी माणूस ह्यांना पत्ते कळवायचा. मग फोटो पाकिटात घालून जर्मनीला पाठवायचा आणि सहीची विनंती करायची. बरेचजण गप्प बसत. काहीजण सही करून परत पाठवत. असे पंधरा-वीस चेहरे आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीवर होते.

मला ते आवडायचं नाही, आणि मी ते लपवलंही नाही.

“हिटलरची माणसं ती. आपल्या घरात कशाला?”

“मी त्यांचं धाडस जमवतो, वेणू. हिटलर नाही जमवत.”

“धाडस काय वेगळं काढून ठेवता येतं? दुधावरची साय आहे का ती?”

ह्यावर हे नुसते हसत. पालथ्या घड्यावर पाणी. मीही सोडून दिलं. दारू नाही, पत्ते नाहीत, भिंतीवर चार मेले साहेब असले तर असोत, म्हटलं.

एकसष्ट साली, दिवाळी होऊन गेल्यावर, कप्तान फॉस्टेनौचं पाकीट आलं. ह्या माणसासाठी ह्यांनी तीनदा टपाल केलं होतं. क्रूसावर ओकची पानं, म्हणजे त्याहून वरचा मान, मिळालेली फार थोडी माणसं, त्यातला हा एक. पाकीट फोडताना ह्यांच्या पापण्या अशा उडत होत्या की मलाच हसू आलं.

ह्यांनी पाठवलेला फोटो त्यात नव्हता. फॉस्टेनौने स्वतःचा दुसराच पाठवला होता. साठीकडे झुकलेला माणूस, साधा कोट, उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला, हात मांडीवर ठेवलेले. खाली निळ्या शाईत सही आणि त्याच महिन्यातली तारीख. मागे इंग्रजीत दोनच ओळी. ह्यांनी मला वाचून दाखवल्या: मीही जमवतो. तुमचा एक पाठवावा, सही करून.

हे हरखून गेले. फोटो मी हातात घेतला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

डोळे काढलेले होते.

३

धंद्यातल्या माणसाला ते लपत नाही. खऱ्या डोळ्याला खालच्या पापणीशी ओलसर कड असते; ब्रशने ती कधी जमत नाही. मलाही जमत नाही. मी बोटाला थुंकी लावून उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात हळूच फिरवली. बोट काळं झालं. खाली मिटलेली पापणी दिसली.

मग मी बाकीचं नीट पाहिलं. कोट छातीवर ताणून मागे कुठेतरी टाचला होता. आम्ही पागोटं आणि बंडी तशीच बसवतो. हात कुणीतरी उचलून मांडीवर ठेवावेत तसे होते. मान खुर्चीला टेकलेली. ह्यांनी तशी माणसं गावोगाव बसवली आहेत, आणि मी ती रोज बघितली आहेत.

“हा माणूस गेलेला आहे,” मी म्हटलं.

“आणि सही?”

सहीवर मी बोट फिरवलं. शाई खरी होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

“कुणीतरी दुसऱ्याने केली असेल. मुलाने, बायकोने.”

ह्यांनी जुन्या मासिकात छापलेली त्याची सही शेजारी धरली. तोच झोका, तीच शेवटची रेघ. “त्याची पापणी मिटली असेल फोटोत. म्हातारा माणूस आहे. तिकडच्या फोटोवाल्याने तुझ्यासारखंच काढून दिलं असेल. तुला सगळीकडे मयत दिसतं, वेणू.”

तसं असूही शकत होतं. मी स्वतःला तेच सांगितलं. संशय घेण्याची मला जन्माची खोड आहे. दूधवाल्यापासून सासूबाईंपर्यंत मी कुणाला सोडलेलं नाही. म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून, इस्त्रीचा कोट घालून आमच्याच स्टुडिओत स्टुलावर बसले. वर काचेतून उजेड चांगला येत होता. कॅमेऱ्यामागे मी. फोटो घ्यायचा रबरी गोळा दाबताना मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते. डोळे उघडे होते. आश्चर्य म्हणजे पापण्याही हलत नव्हत्या. श्वास रोखून बसले होते बिचारे.

कॅमेऱ्यातली निगेटिव्हची काच धुतली तर डोळे मिटलेले.

पुन्हा बसले. पुन्हा मिटलेले. तिसऱ्या वेळी मी अगदी पुढे वाकून बघितलं, ह्यांचे डोळे माझ्यावर होते, त्यात वरच्या काचेचा उजेड दिसत होता, आणि मी गोळा दाबला. तिसरी काचही तशीच आली. पापणी फडफडली असती तर फोटोत डोळा पुसट आला असता. हे डोळे शांत मिटलेले होते, पापणीचा एकेक केस स्वच्छ. हे स्टुलावर बसलेले होते, पण काचेत पाहिलं तर कुणीतरी बसवल्यासारखे वाटत होते.

“नाही पाठवायचा,” मी म्हटलं.

“मिटले असतील गं. माझं माहीत आहे ना तुला.”

“नाही मिटले. मी बघत होते.”

“मग तू उघड.”

“जित्याचे मी काढत नाही.”

आमचं भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. शेवटी हे खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “दुसऱ्यांचे फोटो काढण्यात माझं आयुष्य गेलं, वेणू. माझा कुणी कधी मागितला नाही. हा पहिलाच.” पापण्या भराभर उडत होत्या, आणि थापेचा वेग तो नव्हता, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची फार दया आली. माझ्या माणसाला एवढंसं हवं होतं आणि मी संशयापायी अडून बसले होते.

मी टेबलाशी बसले, ब्रश ओला केला, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, “डोळे कसे होते?”

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग हे हसले, मीही हसले, आणि मी डोळे काढले. जन्मात इतके सुंदर डोळे मी कुणाचे काढले नव्हते. ह्यांनी खाली झोकात सही केली आणि फोटो टपाल नाक्यावर जाऊन रजिस्टरने टाकून आले.

४

फोटो पोचला असेल असं आम्ही धरून चाललो होतो, त्याच सुमाराची गोष्ट. सकाळी चहा पिताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. घड्याळ बंद पडलं की घर कसं वाटतं तसं. कप धुवायला नेला तेव्हा कळलं. ह्यांच्या पापण्या हलत नव्हत्या.

मला आधी आनंदच झाला. डोळ्यांची खोड गेली, म्हटलं. मी दिवसभर बघत राहिले. चुलीत ओली लाकडं घालून मी मुद्दाम धूर केला. हे धुरात बसून पेपर वाचत होते. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, ह्यांचे कोरडे. दुपारी आडवे झाले ते डोळे उघडे ठेवूनच. मी जवळ जाऊन श्वास ऐकला. श्वास चालू होता.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून पाहिली. “नजर उत्तम आहे. फडफड गेली हे चांगलंच की, वहिनी.” गावात सगळे तेच म्हणत. आनंदशेठ आता कसे रुबाबात बघतात! गिऱ्हाईक वाढलं. मी कुणाला काय सांगणार? नवऱ्याची खोड गेली म्हणून बायको रडते, असं म्हटलं असतं तर लोकांनी मलाच बॅटरी मारली असती.

एकट्या हौसाबाईला काहीतरी वाटलं. ती विचुंब्याची. तिच्या काशीरामचे डोळे मीच उघडले होते, आणि आता लेकीसाठी तिला तोच फोटो पुन्हा हवा होता. ह्यांनी फोटो पुढे केला तर ती दोन पावलं मागे सरली. ह्यांची पाठ वळल्यावर माझ्या टेबलाशी आली.

“बाय, मी त्यांच्या हातशी नाय घेनार. तुमी द्या.”

“का गं? काय झालं?”

“आमचे घरान भितीवर म्हातारा हाय ना. तुमीच डोले काडलं त्याचे. त्यो कसा, खोलीन कुठंबी गेली तरी बगतो.” तिने आवाज आणखी खाली आणला. “तसं ह्ये बगतान. मालक बरं हायत ना तुमचं?”

“बरे आहेत,” मी म्हटलं. तिने फोटो पदराखाली घेतला आणि पायऱ्या उतरून भराभर चालू लागली.

मी कोळसा उगाळत बसले. हे कुणा बाईच्या नादी लागलेत का, काही खाल्लंय का, की माझंच डोकं फिरलंय? हे बोलत नीट होते. जेवत होते. हिशोब चोख. पण मागच्या खोलीतल्या भिंतीकडे ढुंकून बघत नव्हते. ज्या साहेबांसाठी जीव टाकला त्यांच्यावर धूळ साचली होती. मी विचारलं तर म्हणाले, “आता कशाला?” आणि मला ते खरं की थाप ते कळेना. पापण्या हलतच नव्हत्या तर कळणार कसं? इतकी वर्षं मी ज्या माणसाला वाचत आले तो समोर बसून जेवत होता आणि मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. मला माझा माणूस परत हवा होता.

त्यातच ह्यांनी नवीन टुमणं लावलं.

“तुझाही एक फोटो काढू या, वेणू.”

“कशाला?”

“तिकडे दोघांचे असावेत.”

“तिकडे म्हणजे कुठे?”

हे नुसते माझ्याकडे बघत. मी सबबी सांगे. केस धुतलेत, उजेड बरा नाही, चांगलं लुगडं परटाकडे आहे. हे ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा काचेखाली आणून ठेवत.

५

एका दुपारी हे टपाल बघायला बाहेर पडले आणि मी डार्करूममध्ये शिरून आतून कडी घातली. ती कडी नावाचीच होती. बाहेरून जोराने ढकललं तर निघायची. पण फोटोवाल्याच्या घरात डार्करूमचं दार कुणी ढकलत नाही. लग्न झाल्यापासून ह्यांनी ते कधी न विचारता उघडलं नव्हतं.

ह्यांच्या त्या तीन काचा खोक्यात होत्या. रंगवलेला फोटो परदेशी गेला होता, पण काचेवर मी ब्रश लावलेला नव्हता. मला तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा बघायचा होता. का ते नीट सांगता येणार नाही. घरात जो वावरत होता त्याच्यापेक्षा तो चेहरा मला जवळचा वाटत होता.

तिसरी काच घेतली. चौकटीत काचेवर कागद बसवला, क्षणभर दिवा दिला, आणि तांबड्या उजेडात कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला. आधी कोट आला. मग कपाळ, मिशा, मग मिटलेल्या पापण्या. माझे डोळे भरून आले. हेच ते, मी म्हटलं, हाच माझा माणूस.

पापणी हलली.

पाण्याची लाट असेल. मी ट्रेवरून हात काढला, श्वास रोखला. पाणी थांबलं. लाल दिवा त्यात स्थिर दिसत होता. आणि त्या स्थिर पाण्याखाली ह्यांच्या दोन्ही पापण्या फडफडत होत्या. भराभर, नेहमीसारख्या. डावी उजवीपेक्षा किंचित आधी. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलेली फडफड मी चुकणार नव्हते.

“अहो,” मी म्हटलं. “अहो, मी आहे.”

फडफड वाढली. पापणी वर जायला धडपडत होती आणि जड होऊन पुन्हा खाली येत होती.

फोटो काळा पडायला लागला होता. डेव्हलपरमध्ये कागद राहिला की काळा होत जातो, तो थांबत नाही. आता उचलून शेजारच्या ट्रेमधल्या हायपोत टाकला तर तिथल्या तिथे पक्का होणार. मग पापणी आहे तशीच, मिटलेली, कायमची. न टाकावा तर ह्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बुडत चाललेला. कपाळ गेलं होतं. मिशा कोटात मिसळल्या होत्या. मी चिमटा धरून ओणवी उभी राहिले. उघडेल त्या क्षणी उचलायचा होता. तेवढंच माझ्या हातात होतं. डोळे उघडण्याचंच काम मी जन्मभर केलं, पण हे त्यांनाच उघडावे लागणार होते.

“उघडा,” मी म्हणत होते, “उघडा ना हो, एकदा.”

दाराबाहेर चपला वाजल्या.

“वेणू?”

आवाज ह्यांचाच होता. ट्रेमधली फडफड एकदम थांबली.

“दार उघडू नका! कागद बाहेर आहे!”

उजेड लागला की कागद गेला, म्हणून असं म्हटल्यावर कुठलाही फोटोवाला जागच्या जागी थांबतो. कडी वाजली. पुन्हा वाजली. फळ्यांच्या फटीत उजेडाची रेघ आली. मी पाठीने दार झाकलं आणि ट्रेकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आता फक्त डोळ्यांची जागा करड्या रंगाची उरली होती. त्यात काहीतरी वर सरकलं. मी चिमट्याने कागद उचलला आणि हायपोत दाबून धरला.

कडी निघाली. उजेड आत आला. ह्यांनी भिंतीवर हात टाकून मोठा दिवा लावला आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. मी वळले नाही.

“कुणाचा फोटो?”

“गिऱ्हाईकाचा,” मी म्हटलं.

माझ्या मानेवर त्यांचा श्वासही लागत नव्हता. “स्टूल मांडलंय,” ते म्हणाले. “उजेड चांगला आहे. चल.”

मी हायपोतल्या फोटोकडे पाहिलं. सगळं काळं, आणि त्या काळ्यात दोन डोळे, पुरते उघडलेले. खालच्या पापणीशी ओलसर कड होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, आणि इतका संसार केला तरी मी माझ्या माणसाला एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.